गिअर संपले का रे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सायकलच्या फन राइडवर तुम्ही अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आधी थँक्यू. एरवी पेपरात सायकल येते ती बहुतेक अपघाताच्या बातमीत, त्यामुळे रंगीत फोटोसकट पूर्ण पान बघून बरं वाटलं. पण वाचता वाचता दोन ठिकाणी अडकलो आणि चार दिवस झाले तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून शेवटी लिहायला बसलो. पत्र लांबलंय, माहितेय. कापायचंच असेल तर मधून कापा, शेवट ठेवा.

पहिलं अडलं ते बातमीत. 'स्पर्धक', 'बाजी मारली', 'विजेता', 'दुसऱ्या क्रमांकावर समाधान' असे शब्द ओळीनं आलेत. अहो, ती स्पर्धाच नव्हती! मी होतो ना त्या राइडला, फॉर्मवर ठळक अक्षरात लिहिलं होतं की ही शर्यत नाही, क्रमांक काढले जाणार नाहीत. ज्या दहा-बारा जणांचा फोटो तुम्ही छापलाय ते पुढे होते हे खरं, भारी चालवतात हेही खरं, पण त्यांच्या मागे जो तासन् तास चाललेला लांबलचक लोंढा होता, ज्यात घरची जुनी सायकल घेऊन आलेले आजोबा होते, मुलीला सोबत म्हणून आलेली आणि नंतर मुलीच्याही पुढे गेलेली आई होती, सीटची उंची चुकल्यामुळे गुडघे हँडलला आपटत चालवणारा कॉलेजचा पोरगा होता, त्यातलं कुणीच तुमच्या पानावर नाही. राइड त्यांची होती.

दुसरं अडलं ते खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, 'रोड सायकल घेताना'. त्यात म्हटलंय की सायकलिंग सिरियसली करायचं असेल तर पुढे ५३-३९ आणि मागे ११-२३ असाच सेट घ्या (हे गिअरच्या चकत्यांच्या दात्यांचे आकडे), हलक्या गिअरनं पायांना आळशी सवय लागते. हे वाचलं आणि माझे गुडघे आपोआप दुखायला लागले. थट्टा नाही करत, ह्याच आकड्यांच्या सायकलनं माझी जी काय फजिती झाली होती ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी पहिली रोड सायकल सेकंडहँड घेतलेली. आधीचा मालक खराखुरा शर्यतीतला माणूस, त्यामुळे सायकलवर पुढे ५३ आणि ३९ दात्यांच्या दोन चकत्या, मागे ११ पासून २३ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा गुच्छ. मला ह्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दिसायला झकास होती आणि एका हाताने उचलता येत होती, संपलं. सपाटीवर दोन महिने चालवली, जाम मजा आली, स्वतःबद्दल अंगावर मूठभर मांस चढलं आणि त्याच तोऱ्यात शंभर किलोमीटरच्या एका फन राइडला नाव दिलं.

साठेक किलोमीटरला चढ सुरू झाला. आधी हलका होता, मग वळणानंतर एकदम उभा. मी गिअर टाकत गेलो, टाकत गेलो आणि मग लिव्हर दाबला तरी काहीच होईना, नुसता टक् असा पोकळ आवाज. मागे वळून चाकाकडे बघितलं, चेन केव्हाच सगळ्यात मोठ्या, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरच्या चकतीवर जाऊन बसलेली. आता पुढे फक्त मांड्या. उभा राहून एकेक पॅडल अख्ख्या वजनानं खाली ढकलत होतो, सायकल डावी-उजवीकडे झोकांड्या खात होती, घाम डोळ्यात. तेवढ्यात शेजारून एक काकू आल्या, वय साठीच्या आतबाहेर, पुढे तीन चकत्यांची जुनी टूरिंग सायकल, पाय शिवणयंत्रासारखे टकाटक फिरतायत, बसल्या जागी, आणि गप्पा मारण्याइतका दम शिल्लक. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गिअर संपले का रे?" मी मान हलवली, बोलायला दम होता कुठे. "मग उतर ना बाबा, गुडघे का मोडून घेतोयस," असं म्हणून गेल्यासुद्धा पुढे.

उतरलो. आता रोड सायकलच्या बुटांना खाली प्लॅस्टिकची क्लीट असते, पॅडलमध्ये अडकवायची, ती चालायला केलेलीच नसते. टाच खाली, पंजा वर, बदकासारखं टप टप टप करत सव्वा किलोमीटर सायकल ढकलत नेली, दोनदा पाय घसरला आणि वर पोचेपर्यंत डाव्या क्लीटचं पुढचं टोक झिजून गेलं होतं. पुन्हा सायकलवर बसलो तर ती अडकेच ना. उरलेले चाळीस किलोमीटर एका पायावर भरवसा ठेवून केले.

घरी आल्यावर हिशोब मांडला. तो इथे देतोय कारण तुमच्या चौकटीवर माझं सगळ्यात मोठं उत्तर हेच आहे, आणि गणित अवघड नाही, भागाकार-गुणाकार आहे नुसता. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते म्हणजे एका पॅडलमध्ये, पॅडलच्या एका पूर्ण फेऱ्यात, मागचं चाक किती वेळा फिरतं ते. रोड सायकलच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. तर ३९ भागिले २३ म्हणजे जवळजवळ १.७, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरलाही माझी सायकल एका पॅडलला साडेतीन मीटरच्या वर पुढे जाणार. चढावर मिनिटाला साठ पॅडल, जे तसे कमीच झाले, मारायचे म्हटले तर वेग होतो ताशी पावणेतेरा किलोमीटर. आता दहा टक्के चढ, म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर उंची, आणि माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या असं सगळं मिळून ८५ किलो वजन धरलं तर त्या वेगाला साधारण ३०० वॉट ताकद लागते. तीनशे वॉट अर्धा तास सलग देणारा हौशी माणूस चांगलाच तयारीचा म्हणायचा. मी तेव्हा त्याच्या आसपासही नव्हतो, आताही नाही.

तेच पुढे ३४ आणि मागेही ३४ असेल तर एका पॅडलला एक फेरा, २.१ मीटर. तेच साठ पॅडल, तोच चढ, वेग साडेसात किलोमीटर, ताकद १८०च्या आसपास. हे जमतं! दम लागतो, तोंडाला फेस येतो, पण जमतं, सायकलवर बसून जमतं. काकूंच्या सायकलीत जादू बिदू काही नव्हती, त्यांच्या पुढच्या तिसऱ्या चकतीला दाते कमी होते, बस.

ह्यावर लोक लगेच म्हणतात की मग सपाटीला काय करणार, गिअर कमी पडतील. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता आकडे पाठच झालेत. पुढे ५० आणि मागे ११ असताना मिनिटाला ९० पॅडल मारले तर वेग होतो ५१ किलोमीटरच्या वर. पुढे ५३ घेतलात तर साडेचोपन्न. म्हणजे भांडण चाललंय ते ५१ आणि ५४ मधल्या तीन किलोमीटरसाठी, आणि फन राइडला सपाटीवर आपण चालवतो किती, तर पंचवीस, गट चांगला मिळाला तर तीस. सत्तावीसचा वेग तर पुढची छोटी ३४ची चकती आणि मागे १४ एवढ्यावर, त्याच नव्वद पॅडलला मिळतो. अख्ख्या सपाट राइडमध्ये मोठ्या चकतीला हात लावला नाही तरी चालेल अशी परिस्थिती. उतारावर कुणाला पन्नासच्या पुढेही पॅडल मारायची हौस असेल तर त्यांनी ती जरूर भागवावी, मी उतारावर पाय थांबवून ब्रेकवर बोटं ठेवून बसतो, तेवढीच विश्रांती.

बरं, हा हलक्या गिअरचा कमीपणा आजचा नाही. फ्रान्समध्ये सेंट एतिएनला पॉल द विवी म्हणून एक गृहस्थ होते, 'वेलोसिओ' ह्या टोपणनावाने लिहायचे, एकोणिसावं शतक संपता संपता त्यांनी स्वतःच्या सायकल मासिकातून घसा फोडून सांगितलं की डोंगराळ भागात एकापेक्षा जास्त गिअर पाहिजेत, त्यात कसली लाज. आणि दुसरीकडे टूर द फ्रान्स सुरू करणारे हेन्री देग्रांज, त्यांना गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची सोय वाटायची. १९०३ मध्ये सुरू झालेल्या त्या शर्यतीत डिरेलर, म्हणजे चालता चालता चेन ह्या चकतीवरून त्या चकतीवर नेणारी यंत्रणा, वापरायला परवानगी मिळाली थेट १९३७ मध्ये. तोपर्यंत मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या चकत्या, आणि चढ आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून लावायचं, पुन्हा निघायचं. डोंगराच्या पायथ्याशी थंडीत काकडलेल्या बोटांनी नट सोडवत बसलेले ते शर्यतवाले डोळ्यापुढे आणा. आज एका बोटाने जे होतं त्याला लोक आळशीपणा म्हणतात.

आणि ज्यांचं नाव घेऊन आपल्याला ५३-३९ गळ्यात मारतात त्या व्यावसायिकांनीच ते सोडलंय. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीचा सगळ्यात वरचा ड्युरा-एस सेट २०२१ मध्ये बारा स्पीडचा, म्हणजे मागे बारा चकत्यांचा झाला तेव्हा पुढे ५३-३९ ही जोडी यादीतच राहिली नाही, ५०-३४, ५२-३६ आणि ५४-४० एवढ्याच राहिल्या. मान्य आहे की ५४ तर ५३ पेक्षाही मोठी, पण तिच्या मागे लागते ती ३० किंवा ३४ दात्यांपर्यंत जाणारी कॅसेट. २३ वर थांबणारी नाही. जगातले सगळ्यात दमदार पाय मागे ३० आणि ३४ घेऊन डोंगर चढतायत आणि ऑफिस सांभाळून रविवारी चालवणाऱ्याला आपण २३ घ्यायला सांगतोय, ह्याला काय म्हणायचं?

एक व्यवहाराची गोष्ट सांगून हा विषय सोडतो. जुन्या सायकलला नुसती मोठी कॅसेट आणून लावली की काम झालं असं नसतं. मागचा डिरेलर किती मोठी चकती पेलतो ह्याला मर्यादा असते, जुन्या आखूड पिंजऱ्याच्या (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) डिरेलरला बऱ्याचदा २८च्या आसपास हात टेकावे लागतात, मग लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यायचा आणि चेनही नवीन लांबीची. हे न बघता मी आधी कॅसेट घेऊन आलो होतो. ती अजून खोक्यात आहे.

आता बातमीतल्या 'स्पर्धक' शब्दाकडे वळतो. तुम्ही म्हणाल शब्दानं काय बिघडतं एवढं. बिघडतं, आणि हाडं मोडण्याइतकं बिघडतं. गटात चालवण्याचा सगळा खेळ वाऱ्याचा आहे. सपाटीवर जरा वेग आला की आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, पुढच्याच्या चाकामागे नीट राहिलं तर त्यातला चांगला तिसरा हिस्सा तरी वाचतो, म्हणून अनोळखी माणसंही फन राइडमध्ये आपोआप एकमेकांच्या मागे लागून रांग करतात. फार छान वाटतं ते, चाकांचा एक घुमणारा आवाज येतो, बोलणं थांबतं, पाच-पंचवीस जण एकाच जनावरासारखे वळतात. पण पुढचं चाक आणि आपलं चाक ह्यात अंतर असतं हातभर, कधी वीतभर.

ह्यात एक गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगत नाही. तुमचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसलेलं असेल आणि तो जरा सरकला, तर चाकाला चाक घासतं, आणि पडता तुम्ही, तो नाही. त्याचं मागचं चाक घासलं तरी तो हँडल फिरवून तोल सांभाळतो, तुमचं मात्र हँडलच अडकलेलं असतं, तोल सांभाळायचं साधनच हातातून गेलेलं. मी हे वाचून नाही शिकलो. एका राइडमध्ये शेवटचे पाच किलोमीटर राहिले होते, एकदम मागून आरोळ्या सुरू झाल्या, 'चला चला चला', कुणी वेळ लावून बसलेलं, कुणाला मित्राला हरवायचंय, गट आकसला, माझं पुढचं चाक समोरच्या निळ्या जर्सीवाल्याच्या मागच्या चाकाच्या उजवीकडे चारेक बोटं आत गेलेलं, आणि समोर एक खड्डा आला म्हणून तो उजवीकडे आला. त्याने हात दाखवला नाही, बोटही नाही, ओरडलाही नाही, कारण त्या क्षणी तो शर्यतीत होता आणि शर्यतीत असलेला माणूस खड्डे मागच्याला सांगत बसत नाही. घर्रर्र असा एक आवाज, मग डांबर. माझी कोपरापासूनची कातडी गेली, माझ्यामागच्या बाईंचा खांद्याजवळचा हाडाचा सांधा सुटला. निळी जर्सी पुढे निघून गेली, बहुधा त्याला कळलंही नाही. दोष त्याचा एकट्याचा नाही म्हणा, चाक तिथे घातलं मीच होतं, पण माझ्याही डोक्यात तेव्हा वेळच चाललेली.

तेव्हापासून मी गटात असलो की जिभेला सुट्टी देत नाही. 'खड्डा', 'खडी', 'थांबतोय', 'डावीकडून येतोय', सगळं मोठ्यानं. लोक हसतात, हसू देत. चढावर सीटवरून उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते, मागच्याला ती ब्रेक मारल्यासारखीच लागते, म्हणून उभं राहायच्या आधी एक पॅडल जोरात मारायचं. पाण्याच्या थांब्याला वळायचं तर पन्नास मीटर आधी हात. आणि कानातले ते इअरफोन! ते घालून गटात येणाऱ्याला काय बोलावं हे सभ्य भाषेत मला सुचत नाही.

जगातल्या मोठमोठ्या राइड बघा, ह्या बाबतीत बऱ्याच जणांनी शहाणपण दाखवलंय. स्वीडनची वेटर्नरुंडान १९६६ पासून चालू आहे, एका भल्यामोठ्या तळ्याला पूर्ण फेरी, आता ३१५ किलोमीटर, हजारो लोक, पण सगळ्यांना एकदम सोडतच नाहीत, छोटे छोटे गट थोड्या थोड्या मिनिटांनी निघतात, रात्रभर. न्यूयॉर्कची फाइव्ह बरो १९७७ पासूनची, ६४ किलोमीटरच्या आसपास, रस्ते बंद, घरातली पोरंबाळं सुद्धा येतात, शर्यत नाहीच. केपटाउनची राइड १९७८ मध्ये निघाली ती मुळात सायकलवाल्यांना रस्त्यावर जागा द्या हे सांगायला, तेव्हा सव्वापाचशे लोक होते, आता ३५ हजारांच्या घरात असतात १०९ किलोमीटरला. २०१७ मध्ये तिथे असा वारा सुटला की लोकांच्या हातातून सायकली उडायला लागल्या, आयोजकांनी राइड सुरू झाल्या झाल्या बंद केली. हजारो लोक तयारी करून आलेले, तरी केली. (तिथे पुढच्या गटांत खरीखुरी शर्यत असते, खोटं कशाला बोलू. पण ती पुढच्या गटांची. मागचे हजारो लोक समुद्र बघत जातात.)

आणि सगळ्यात मला आवडणारी गोष्ट पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची. १२०० किलोमीटर. १८९१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा शर्यतच होती, शार्ल तेरोंनी ७१ तास २२ मिनिटांत जिंकली, झोप न घेता. १९३१ पासून हौशी लोकांना वेगळी जागा मिळाली. पुढे झालं काय, तर व्यावसायिकांची शर्यत १९५१ नंतर बंदच पडली आणि हौशी लोकांची राइड अजून चालू आहे, दर चार वर्षांनी, ९० तासांची मुदत, वेळेत आलेले सगळे सारखे. त्यासाठी पात्र व्हायला ज्या २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ब्रेवे राइड, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब राइड, कराव्या लागतात त्यातही नंबर काढत नाहीत. उलट एक नियम फार गोड आहे, कंट्रोल पॉइंट, म्हणजे हजेरी लावायचा थांबा, उशिरा जसा बंद होतो तसा तो ठरलेल्या वेळेच्या आधी उघडतच नाही. २०० किलोमीटरला तो उघडतो ५ तास ५३ मिनिटांनी. त्याच्या आधी पोचलात तर बसा बाहेर.

चौकटीतल्या बाकीच्या गोष्टींवर फार बोलत नाही. हेल्मेट घाला म्हटलंय ते बरोबर, व्यावसायिकांनाही ते सक्तीचं झालं २००३ मध्ये, पॅरिस-नीस शर्यतीत पडून आंद्रेई किव्हिलेव्ह गेला त्यानंतर. टायर २३ मिलिमीटरचाच घ्या हे जुनं झालं. २८चा घ्या, हवा जरा कमी भरा, हात आणि कंबर दुवा देतील, आणि खडबडीत रस्त्यावर वेगही कमी होत नाही, उसळण्यात जी ताकद वाया जाते ती वाचते. 'वजन हेच सर्वस्व' ह्या वाक्याबद्दल मात्र एक साधा हिशोब. सायकल एक किलोनं हलकी केली तर ८५ किलोचे ८४ झाले, एक तासाच्या चढाला वाचले ते फार तर चाळीसेक सेकंद. शर्यतीत चाळीस सेकंद म्हणजे जन्माचं सार्थक. आम्हाला वर पोचल्यावर पाण्याच्या टाकीपाशी रांगेत त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शर्यतवाल्यांना तर कितीही पैसे ओतले तरी ६.८ किलोच्या खाली जाऊ देत नाहीत, २००० सालापासून नियम आहे. हौशी माणसाला तसा नियम नाही, त्यामुळे तो चार-दोन ग्रॅमसाठी बाटलीचं स्टँड बदलत बसतो. मीही बसलोय, नाही म्हणत नाही.

तर माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. पुढच्या वेळी अशा राइडची बातमी द्याल तेव्हा 'सहभागी' म्हणा, 'सायकलस्वार' म्हणा, 'हौशी' म्हणा, काहीही म्हणा पण 'स्पर्धक' आणि 'विजेता' नको, कारण पेपरात नाव येतंय म्हटलं की पुढच्या वर्षी शेवटच्या पाच किलोमीटरला आणखी दहा निळ्या जर्सी तयार होतात. आणि ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापा, ५३-३९ च्या जागी ५०-३४, आणि २३ च्या जागी निदान ३२. नवीन माणूस तुमचं पान कापून दुकानात घेऊन जाणार आहे हो, आणि पहिल्या चढाला उतरून ढकलणार आहे, आणि मग सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायला लागणार आहे. मी अशा चार तरी सायकली बघितल्यात.

आणि फोटोग्राफरला एवढंच सांगा की थोडा वेळ थांब. टूर द फ्रान्समध्ये १९१० पासून सगळ्यात मागे एक गाडी असते, मागे राहिलेल्यांना गोळा करणारी, तिला झाडूगाडीच म्हणतात. आपल्या त्या रविवारच्या राइडलाही मागे एक टेम्पो होता. मी सगळं आवरून, सायकल पुसून परत निघालो होतो तेव्हा तो टेम्पो शेवटच्या वळणावर दिसला, आत कुणीच नव्हतं, ड्रायव्हर पहिल्या गिअरवर गाडी रांगवत होता. त्याच्या पुढे एक मुलगी, दहावी-बारावीतली असेल, साध्या बिनगिअरच्या सायकलवर, चेन कोरडी पडून कुई कुई वाजतेय, आणि स्वयंसेवक पोरं राइड संपायच्या जागेवरची कमान सोडायला लागलेली. एकानं तिला बघितलं आणि बाकीच्यांना ओरडून सांगितलं, थांबा रे, अजून एक येतेय. अर्धी सोडलेली कमान त्यांनी हातांनी वर धरून ठेवली. ती खालून गेली तेव्हा तुमचा फोटोग्राफर निघून दीड तास झाला होता.

आपला,
एक वाचक
(मागे ३४ दातेवाला)